दोन वर्षांनी थांबावे लागले, तर मुलीच्या हाती काय राहील?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकात अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि फार्मसीच्या प्रवेशांची माहिती सविस्तर येते आणि ती यायलाच हवी. परंतु मराठवाड्यातील लहान गावांतल्या अनेक मुली ज्या विषयाचा विचार करतात, त्या गृहविज्ञानाच्या, म्हणजे आहार व पोषण, बालविकास, वस्त्रशास्त्र, कुटुंबातील साधनसंपत्तीचे व्यवस्थापन आणि ग्राहक शिक्षण यांच्या अभ्यासक्रमांविषयी पालकांना एका जागी काहीच वाचायला मिळत नाही. मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. निकाल लागला की वडील, भाऊ किंवा मामा मुलीला घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, जवळचं कोणतं कॉलेज बरं?" अंतराचा विचार करण्यात गैर काही नाही, एसटी वेळेवर येत नसेल तर पहिला तास बुडतो आणि मुलगी अंधार पडल्यावर घरी पोहोचते, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. तरीही त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

तो प्रश्न असा : या मुलीला दोन वर्षांनी शिक्षण थांबवावे लागले, तर तिच्या हाती काय राहील आणि पुढे तिने परत यायचे ठरवले, तर त्या महाविद्यालयात, त्या विद्यापीठात तिला परत घेतले जाईल का?

प्रवेशाच्याच दिवशी शिक्षण थांबण्याची भाषा करणे काहींना अशुभ वाटेल. परंतु २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, २० ते २४ वर्षे वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर परभणी जिल्ह्यात ४८ टक्के होते. बारावीपर्यंत आलेली मुलगी या आकड्यातून निसटलेली असते, हे खरे. पण ज्या दबावामुळे तिच्या वर्गातल्या मैत्रिणींची लग्ने झाली, तो दबाव तिच्यावरही असतोच आणि वयाच्या एकोणीस-वीस वर्षांपर्यंत तो वाढतच जातो. त्यात घरचे आजारपण येते, सोयाबीन हातचे जाते, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी थोरलीवर पडते. शिक्षण तुटू नये यासाठी आपण सगळ्यांनी झटलेच पाहिजे. पण तुटलेच तर ते कुठे तुटेल आणि पुन्हा कुठे जुळेल, हे आधी पाहून ठेवणे हे मुलीच्या भल्याचेच आहे.

अमेरिकेत हा विषय 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' या नावाने शिकवला जातो आणि तेथील कम्युनिटी कॉलेजांत त्याची दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी मिळते. ती साधारण ६० श्रेयांकांची (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या मोजणीचे एकक) असते. घराजवळ, कमी शुल्कात दोन वर्षे शिकायचे आणि मग चार वर्षांची पदवी देणाऱ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचे, ही तेथील रुळलेली वाट आहे. मात्र तेथेही सगळ्या दोन वर्षांच्या पदव्या सारख्या नसतात. काही पुढच्या शिक्षणासाठी आखलेल्या असतात, तर 'असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स' सारख्या काही प्रामुख्याने नोकरीसाठी असतात आणि त्यांतले सगळेच श्रेयांक पुढे धरले जातील याची खात्री नसते. म्हणून कम्युनिटी कॉलेज निवडताना तेथील जाणकार समुपदेशक विद्यार्थ्याला आधी विचारायला सांगतात, की राज्यातील कोणत्या विद्यापीठाशी या महाविद्यालयाचा श्रेयांक स्वीकारण्याचा लेखी करार आहे. शिवाय तेथे या दोन वर्षांच्या पदवीला निश्चित कामही जोडलेले आहे. 'हेड स्टार्ट' हा गरीब कुटुंबांतील लहान मुलांसाठीचा सरकारी कार्यक्रम १९६५ पासून चालू आहे आणि २००७ च्या कायद्यानुसार त्यातील शिक्षकांकडे बालशिक्षणाची किमान असोसिएट पदवी असावी लागते. दोन वर्षे शिकून थांबलेल्या मुलीलाही बालवर्गात शिक्षिका म्हणून उभे राहता येते.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशीच एक वाट कागदावर तरी तयार झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षानंतर किमान ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर किमान ८० श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षानंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी मिळते. दुसऱ्या वर्षाची पदविका ही साधारणपणे अमेरिकेतील असोसिएट पदवीच्या जागी धरता येईल. परंतु या सोयीला अटी आहेत आणि प्रवेशाच्या गर्दीत त्या पालकांना कोणी समजावून सांगत नाही. पहिली अट अशी, की नुसते दोन वर्षे उत्तीर्ण होऊन पदविका मिळत नाही. बाहेर पडण्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा काम पूर्ण करावे लागते. ज्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले आहे, तिचा तोच उन्हाळा हातातून जातो. दुसरी अट वेळेची आहे : बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत यावे लागते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. लग्न, पहिले बाळंतपण, मूल अंगणवाडीत जाऊ लागेपर्यंतचा काळ, यांत तीन वर्षे कशी सरतात ते कोणत्याही आईला विचारावे.

म्हणून महाविद्यालय पाहायला गेल्यावर कार्यालयात पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत विचाराव्यात, असा माझा आग्रह आहे. दुसऱ्या वर्षानंतरचा तो चार श्रेयांकांचा उन्हाळी अभ्यासक्रम हे महाविद्यालय स्वतः चालवते का, की 'तशी वेळ आली तर बघू' एवढेच उत्तर आहे? आजवर एकाही विद्यार्थिनीला तेथून पदविका मिळाली आहे का? मिळाली असेल, तर तिच्यावर विषयाचे नाव काय छापले आहे? हा शेवटचा प्रश्न बारीकसारीक वाटला, तरी नोकरीच्या जाहिरातीत पात्र विषयांची यादी दिलेली असते आणि अर्जांची छाननी करणारा लिपिक त्या यादीशी प्रमाणपत्र ताडून पाहत असतो.

याच संदर्भात आणखी एक अडचण सांगते, कारण ती खास आपल्या मुलींची आहे. श्रेयांक आता शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात. ते खाते डिजिलॉकरमधून उघडते आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर संकेतांक (ओटीपी) येतो. आपल्याकडे तो मोबाइल बहुतेक वेळा वडिलांचा किंवा भावाचा असतो. लग्नानंतर मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात जाते, आधारवर तिचे नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही बदलते, तर दहावीच्या सनदेवर आणि गुणपत्रिकांवर माहेरचेच नाव राहते. तीन वर्षांनी ती परत शिकायला आली, की नावे जुळत नाहीत आणि खाते उघडत नाही. यावर उपाय साधा आहे. मुलीच्या स्वतःच्या नावाचा क्रमांक आधारला जोडून घ्यावा, नावात बदल करायचाच असेल तर राजपत्रातील नोंदीची प्रत जपून ठेवावी आणि महाविद्यालय सोडताना शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखाच श्रेयांकांचा छापील उताराही मागून घ्यावा. ज्या महाविद्यालयातील लिपिक आणि प्राध्यापक प्रवेशाच्या वेळीच मुलींकडून हे सारे करून घेतात, ते महाविद्यालय मी इतरांहून वर ठेवीन, मग त्याची इमारत कितीही जुनी असो.

आता मराठवाड्यात प्रत्यक्ष कोणते पर्याय आहेत, ते पाहू. 'गृहविज्ञान' या एकाच नावाखाली आपल्याकडे निरनिराळ्या गोष्टी मिळतात आणि घोटाळा होतो तो इथेच. अनेक कला महाविद्यालयांत, विशेषतः महिला महाविद्यालयांत, हा बी.ए.चा एक विषय असतो. काही ठिकाणी बी.एस्सी. गृहविज्ञान किंवा आहारशास्त्राशी संबंधित स्वतंत्र पदवी असते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव येथील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असतात. या दोन्हींहून निराळी अशी चार वर्षांची सामुदायिक विज्ञानाची ऑनर्स पदवी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मिळते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे स्वतःचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. पूर्वी त्यालाच गृहविज्ञान महाविद्यालय म्हणत. राज्याच्या चार कृषी विद्यापीठांत असे घटक महाविद्यालय परभणीलाच आहे आणि आपल्याच भागातील कितीतरी पालकांना ते ठाऊक नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

परभणीच्या पदवीचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ठरवलेला असतो आणि शेवटच्या वर्षात 'स्टुडंट रेडी' या नावाने खेड्यात आणि उद्योगात जाऊन काम करावे लागते. आहारशास्त्र शिकणारी मुलगी ज्या विद्यापीठात बसते, त्याच विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये आणले. पंडुरोगावर भाषण ऐकणे निराळे आणि ज्या भाकरीतून लोह वाढू शकते तिच्या ज्वारीचे संशोधन शेजारच्या शेतात होताना पाहणे निराळे. मात्र या महाविद्यालयाचा प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो आणि त्यासाठीच्या सामाईक परीक्षेचा (सीईटीचा) अर्ज बारावीचे वर्ष चालू असतानाच भरावा लागतो. निकाल लागल्यावर चौकशीला येणाऱ्यांचा उशीर झालेला असतो. त्या त्या वर्षीची पात्रता माहितीपुस्तिकेत पाहावी. कृषी विद्यापीठाची चौकट आणि इतर दोन विद्यापीठांची चौकट वेगवेगळी असल्याने एकीकडची दोन वर्षे दुसरीकडे आपोआप धरली जातील असे समजू नये. बदली करण्याचा विचार असेल तर लेखी उत्तर घ्यावे.

महाविद्यालयाच्या फाटकावर 'नॅक'चा, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचा, दर्जा मोठ्या अक्षरांत लावलेला असतो. तो पाहावा, पण तो दर्जा संपूर्ण महाविद्यालयाचा असतो, गृहविज्ञान विभागाचा नसतो. उत्तम दर्जा मिळालेल्या महाविद्यालयातही या विभागात एकच पूर्णवेळ प्राध्यापिका असू शकते आणि बाकीचे तास तासिका तत्त्वावर चालू शकतात. तासिका तत्त्वावरील शिक्षिका कळकळीने शिकवतात, हे मी जवळून पाहिले आहे. पण त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि पहिल्या सत्रात कित्येक आठवडे वर्ग रिकामा राहतो. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

त्यानंतर प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगावे. आहाराच्या प्रयोगशाळेत गॅसच्या शेगड्या आणि भांडी सगळीकडे असतात; तेथे चालू स्थितीतला वजनकाटा आहे का आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेले, ५२८ अन्नपदार्थांचे पोषणमूल्य देणारे भारतीय अन्नघटकांचे तक्ते मुलींच्या हाती दिले जातात का, ते पाहावे. काटा आणि तक्ते नसतील, तर तेथे पाककृती शिकवल्या जातात, आहारशास्त्र नव्हे. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीची प्रात्यक्षिकाची वही चाळावी. घरोघरी जाऊन आदल्या दिवशी कोणी काय खाल्ले याची नोंद, त्यावरून काढलेली प्रथिने आणि लोह यांची बेरीज, गरोदर स्त्रीसाठी हंगामातल्या भाज्यांतून आखलेला दिवसभराचा आहार, असे काही त्या वहीत असेल तर शिक्षण चालू आहे असे समजावे. बालविकासासाठी महाविद्यालयाची स्वतःची बालवाडी असणे उत्तम, नसेल तर जवळच्या अंगणवाडीशी नियमित संबंध असावा. वस्त्रशास्त्रात शिवणयंत्रे किती चालतात हे पाहावेच. शिवाय पैठणची पैठणी आणि संभाजीनगरची हिमरू आपल्याच भागात विणली जात असताना मुलींना एकदाही माग दाखवला जात नसेल, तर तो विभाग आळशी आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

नोकरीच्या आशेविषयी पालकांना खरे सांगितले पाहिजे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे या विषयाला गावोगाव काम आहे. परंतु अंगणवाडी सेविकेसाठी बारावीची पात्रता आहे, तर अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते. मधल्या दोन वर्षांच्या पदविकेसाठी वेगळी पायरीच नाही. अमेरिकेतील 'हेड स्टार्ट' सारखी तरतूद आपल्याकडे झाली, तर शिक्षण अर्धवट राहिलेल्या हजारो मुलींच्या दोन वर्षांना मोल येईल, असे मला मनापासून वाटते. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करू इच्छिणाऱ्या मुलीने तर पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील अनुभव यांची तयारी ठेवावी. दोन वर्षांत किंवा सहा महिन्यांत 'डायटिशियन' करून देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठीच्या नियमांत अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी अशा पदव्यांची यादी आहे. तीत गृहविज्ञानाचा स्वतंत्र उल्लेख नाही, हे माहीत नसल्याने चांगल्या मुली चुकीच्या अपेक्षेने प्रवेश घेतात. स्वतःचा उद्योग काढणाऱ्या मुलीला मात्र वाव आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. पापड, शेवया, डाळ किंवा बेकरी यांचा धंदा करणाऱ्या बचत गटात पदविकाधारक मुलगी असेल, तर टिकवणक्षमता, वेष्टन आणि हिशेब या तिन्ही बाजू ती सांभाळू शकते.

घरी बसून हा अभ्यास करता येईल का, असेही विचारले जाते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमधील सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अन्न व पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र यांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत. त्यानंतरही या विषयांची दूरस्थ पदवी देऊ करणाऱ्या केंद्रात पैसे भरू नयेत.

खर्चाचे थोडक्यात लिहिते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातींतील ज्यांना वसतिगृह मिळत नाही, त्यांच्यासाठी राहण्याजेवणाच्या खर्चाला मदत करणारी स्वाधार योजना आहे. म्हणजे घराजवळच्या बिनअनुदानित तुकडीपेक्षा परभणी किंवा संभाजीनगरला वसतिगृहात राहून शिकणे काही वेळा स्वस्त पडू शकते. हिशेब मांडून पाहावा. आणि कोणतीही संस्था मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ लागली, तर त्यास नकार द्यावा; आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेने तसे करण्यास मनाई केली आहे.

आपल्या दैनिकामार्फत तिन्ही विद्यापीठांना माझी विनंती आहे, की गृहविज्ञान आणि सामुदायिक विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयातील भरलेली पदे, वसतिगृहातील जागा, दुसऱ्या वर्षानंतर दिलेल्या पदविकांची संख्या आणि खंड पडल्यावर परत आलेल्या विद्यार्थिनींची संख्या त्यांनी दर वर्षी एप्रिलपर्यंत जाहीर करावी. ती माहिती आपण जिल्हावार छापलीत, तर मी ती माझ्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावीन आणि आसपासच्या शाळांनाही पाठवीन.

आपली विश्वासू,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षिका,
जिल्हा परभणी